चौदाव्या खेळाडूचं काय करायचं?

रग्बी लीगमध्ये एका संघाचे १३ खेळाडू मैदानात उतरतात. चौदावे आम्ही, असं गॅलरी छातीठोकपणे सांगते. प्रत्यक्षात १४ नंबरची जर्सी बाकावर बसलेल्या एका राखीव गड्याच्या अंगात असते आणि कोचने खूण केल्याशिवाय तो जागचा हलत नाही. गॅलरीतल्या चौदाव्याला खुणेबिणेची गरज नसते. तो पहिल्या मिनिटापासून उभाच.

त्याचा हिशोब सोपा आहे. संघ जिंकला, तर आम्ही घसा फोडला म्हणून. हरला, तर खेळाडू आळशी, कोच बिनडोक आणि पंच विकला गेलेला. विजयात भागीदारी, पराभवात चौकशी समिती. इतकी सोयीची नोकरी सरकारी खात्यातही मिळत नाही.

या दाव्यात दम किती, हे बघायचं तर ऑकलंडला जायला हवं.

न्यूझीलंड वॉरियर्स हा ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल स्पर्धेत खेळणारा न्यूझीलंडचा एकुलता एक संघ. १९९५ पासून खेळतोय. अंतिम सामना दोनदा गाठला, २००२ आणि २०११ मध्ये, आणि दोन्ही वेळा हात हलवत घरी आला. विजेतेपदाच्या रकान्यात अजून भोपळा आहे. ज्या देशात पंधरा जणांचं रग्बी हाच धर्म आणि ऑल ब्लॅक्स हेच देव, तिथे तेरा जणांच्या या संघावर जीव टाकणारी मंडळी दर मार्चमध्ये जाहीर करतात की यंदाचं वर्ष आपलं. सप्टेंबर उजाडेपर्यंत ते वर्ष दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढलेलं असतं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच. याला श्रद्धा म्हणा किंवा खोड म्हणा.

या संघावर अलीकडे जो प्रयोग झाला, तो कुठल्याही विद्यापीठाला परवडला नसता. आधी संघाचे प्रेक्षक काढून घेतले आणि मग दामदुपटीने परत केले.

२०२० च्या मार्चमध्ये करोनाने स्पर्धा थांबली. ती पुन्हा सुरू व्हायची तर वॉरियर्सना ऑस्ट्रेलियात जाऊन राहावं लागणार होतं. मे महिन्यात अख्खा संघ टॅमवर्थ या न्यू साउथ वेल्समधल्या आडगावात विलगीकरणात पडला. नंतर मुक्काम गॉसफर्डच्या बाजूला. बायकामुलं समुद्रापलीकडे, स्टेडियम रिकामं, आणि चौदावा खेळाडू ऑकलंडच्या आपल्या सोफ्यावर. पुनरागमनाच्या पहिल्याच सामन्यात, ३० मे रोजी, त्यांनी सेंट जॉर्ज इलावाराला १८-० ने धुतलं. पुढे जूनमध्ये कोच स्टीवन कर्नीला नारळ मिळाला, काही खेळाडू घरच्या ओढीने हंगाम अर्धा टाकून परतले. एवढं सगळं होऊनही संघ १६ जणांत दहावा आला.

हा वनवास २०२२ च्या मध्यापर्यंत चालला. ३ जुलै २०२२ ला वॉरियर्स ऑकलंडमधल्या माउंट स्मार्ट या आपल्या घरच्या मैदानावर परतले तेव्हा स्टेडियम भरून वाहत होतं. माणसं रडत होती. वेस्ट्स टायगर्सना त्यांनी २२-२ ने हरवलं. आता इथे चौदाव्याच्या वकिलाला उठून उभं राहायचा मोह होईल. त्याने जरा थांबावं. त्या हंगामात वॉरियर्स १६ पैकी पंधरावे आले.

२०२३ मध्ये अँड्र्यू वेब्स्टर नावाचा नवा कोच आला आणि संघ थेट चौथा. ‘अप द वाझ’ (वाझ म्हणजे वॉरियर्स) ही आरोळी देशभर झाली. ज्यांना टॅकल आणि ट्राय यातला फरक कळत नव्हता, तेही ती देऊ लागले. १५ वर्षांनी बाद फेरीचा सामना घरच्या मैदानावर झाला आणि न्यूकॅसल नाइट्सचा ४०-१० असा चेंदामेंदा झाला. पुढच्या आठवड्यात ब्रिस्बेनने त्यांच्या घरी वॉरियर्सना ४२-१२ ने झोपवलं, पण त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. पुढचं वर्ष आपलंच होतं ना.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, तिकिटांची मारामार. कोच तोच, बहुतेक गडी तेच, मैदान तेच, आरोळी तर आणखी मोठी. संघ १७ पैकी तेरावा.

म्हणजे घरदार सोडून, रिकाम्या खुर्च्यांसमोर दहावा आणि हाउसफुल्ल मैदानात तेरावा. याचा अर्थ प्रेक्षक पनवती असतात असा नाही. पण ‘आम्ही ओरडलो म्हणून’ या दाव्याची हवा निघायला एवढं पुरे.

पटत नसेल तर स्टेट ऑफ ओरिजिन घ्या. क्वीन्सलँड विरुद्ध न्यू साउथ वेल्स, दरवर्षी तीन सामने, आणि त्या दिवसांत ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा दुसरं काही बोलत नाही. ब्रिस्बेनच्या सनकॉर्प स्टेडियमला तिथले लोक कढई म्हणतात, पाहुण्यांना उकळवणारी. २०२४ चा निर्णायक सामना याच कढईत झाला आणि न्यू साउथ वेल्सने तो १४-४ ने जिंकला. २०२५ चा निर्णायक सामना सिडनीत, न्यू साउथ वेल्सच्या घरात. जिंकलं क्वीन्सलँड, २४-१२. २०२५ च्या मालिकेत तर एकही सामना यजमानांनी जिंकला नाही. पहिला ब्रिस्बेनमध्ये सिडनीकरांनी मारला, दुसरा पर्थमध्ये म्हणजे दोघांनाही परक्या गावात झाला, तिसरा सांगितलाच. ५० ते ८० हजार माणसं गळा काढतात आणि चषक शेजारी घेऊन जातो.

बरं, गोंगाटाचा काहीच परिणाम होत नाही का? होतो. पण ज्याला आपण उद्देशून ओरडतो त्याच्यावर नाही, तर शिट्टी फुंकणाऱ्यावर.

एक उद्योग करून बघा. ऑकलंडमध्ये शुक्रवार संध्याकाळचा सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे दुपारची जेवणं उरकून डोळे पेंगायला लागलेले असतात, त्यामुळे टीव्हीचा आवाज बंद करायला घरात कुणाची हरकत नसते. लीगचा खेळ असा की चेंडू हातात आल्यावर सहा टॅकल मिळतात, तेवढ्यात ट्राय करा, म्हणजे चेंडू समोरच्या रेषेपलीकडे टेकवा, नाहीतर चेंडू द्या. प्रत्येक टॅकलनंतर पाडणाऱ्याने पडलेल्याला सोडायचं आणि त्याच्या साथीदारांनी दहा मीटर मागे हटायचं. किती वेळ धरून ठेवलं म्हणजे जास्त झालं, हे एकटा पंच ठरवतो. एका सामन्यात असे शेकडो निर्णय. अर्धा सेकंद इकडचा तिकडे. २०२० पासून ‘सिक्स अगेन’ची सोय झाली आहे, म्हणजे पंचाने हात फिरवला की थांबाथांब न करता नवे सहा टॅकल बहाल. आवाज बंद असेल तर दोन्हीकडचे टॅकल सारखेच रेंगाळलेले दिसतात. आवाज चालू केलात की पाहुण्यांनी जरा कुठे अंग टाकलं की स्टेडियममधून असा हंबरडा येतो, जणू भरदिवसा दरोडा पडलाय. ‘दहा मीटर! दहा मीटर!’ यजमानाने तेच केलं की शांतता. पंच माणूस आहे. त्याच्या कानांवर परिणाम होणारच.

फुटबॉलमध्ये हे तपासून झालंय. ब्रिटनमधल्या संशोधकांनी ४० पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर सिटी यांच्या एका सामन्याची चित्रफीत दाखवली, काहींना आवाजासकट, काहींना मुक्याने. ज्यांना गर्दी ऐकू येत होती, त्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. २००२ मध्ये हे छापून आलं. एनआरएलने २०१६ पासून सिडनीत एका बंद खोलीत ‘बंकर’ थाटलाय, तिथे व्हिडिओ पंच बसतात आणि त्यांना गॅलरीचा त्रास नाही. पण ते मुख्यतः ट्राय झाला की नाही हे बघतात. रेंगाळलेल्या टॅकलचा कौल मात्र मैदानातल्या बिचाऱ्याकडेच, आणि सामने तिथेच फिरतात.

म्हणजे चौदावा खेळाडू आहे, पण तो आपल्या तेरा जणांना बळ देत नसून पंचाच्या कानात कुजबुजतोय. पन्नास हजार जणांनी मिळून केलेली कुजबुज.

आपल्या खेळाडूवर होणारा परिणाम तर आणखी गमतीचा आहे. बटलर आणि बाउमायस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवलं की अवघड काम करताना समोर प्रेमाने बघणारी माणसं बसली असतील, तर ते काम जास्त बिघडतं. माणूस जपून, हळू खेळायला लागतो आणि तरीही चुका कमी होत नाहीत. आणि वर, करणाऱ्यालाच वाटतं, छे, या लोकांमुळे किती धीर आला! ज्या मुलाने आईबाबा पहिल्या रांगेत बसलेले असताना संमेलनात नाटकाचं वाक्य गिळलंय, त्याला या संशोधनाचं अनुदान आधीच द्यायला हवं होतं.

आपण मात्र ऑकलंडकरांना हसायला नको. २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर मुंबई इंडियन्सच्या निळ्या जर्सीतल्या गर्दीने मुंबईच्याच कर्णधाराची, हार्दिक पांड्याची, हुर्यो उडवली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना गर्दीला नीट वागा म्हणून सांगावं लागलं. मुंबई दहांत दहावी आली. तीन महिन्यांत त्याच वानखेडेवर विश्वचषक घेऊन तोच हार्दिक आला, तेव्हा त्याच गॅलरीने त्याचं नाव घेऊन छप्पर डोक्यावर घेतलं. गॅलरीला लाज नसते. ती तिची ताकदही आहे म्हणा.

ताकद म्हणजे खरोखरची ताकद. लीग हा खेळच मुळात रोजंदारीच्या भांडणातून जन्मला. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली ती खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंचा बुडालेला रोज भरून द्यायचा की नाही, या प्रश्नावरून. त्यामुळे क्लब आपल्या मालकीचा आहे, हे इथल्या प्रेक्षकांच्या रक्तात आहे. साउथ सिडनीच्या लोकांनी ते सिद्ध केलं. १९९९ मध्ये स्पर्धेच्या चालकांनी संघांची संख्या कमी करताना या ९० वर्षं जुन्या क्लबला दार दाखवलं. लोक रस्त्यावर उतरले. २००० च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे ८०,००० माणसं लाल-हिरवे झेंडे घेऊन सिडनीच्या टाउन हॉलकडे चालत गेली. जॉर्ज पिगिन्स या जुन्या खेळाडूने कोर्टकचेऱ्या केल्या, २००१ मध्ये अपिलात निकाल बाजूने लागला आणि २००२ मध्ये क्लब परत आला. वरच्या कोर्टाने पुढे तो निकाल फिरवला, पण तोवर क्लबला पुन्हा हाकलायची कुणाची छाती नव्हती.

जगात कुठल्या समर्थकांनी याहून मोठं काम केलं असेल असं मला वाटत नाही. आणि मग त्या प्रेमाच्या जोरावर संघाने काय केलं? २००३ ला शेवटचा नंबर. २००४ ला शेवटचा नंबर. २००६ ला पुन्हा शेवटचा. क्लब मोर्चाने वाचतो, पण मोर्चाला टॅकल करता येत नाही. २००६ मध्ये रसेल क्रो या नटाने एका भागीदाराबरोबर क्लबचा तीन चतुर्थांश हिस्सा घेतला. सभासदांच्या मतदानात ७५ टक्के कौल लागत होता, तो ७५.८ टक्के पडला, म्हणजे अगदी काठावर पास. पैसे आले, खेळाडू आले, २०१२ मध्ये मायकल मग्वायर हा कडक शिस्तीचा कोच आला. २०१४ मध्ये साउथ्स ४३ वर्षांनी जिंकले, बुलडॉग्जना ३०-६ ने हरवून. सॅम बर्जेसच्या गालाचं हाड पहिल्याच टॅकलला मोडलं आणि तो तसाच ८० मिनिटं खेळला. त्या दिवशी गॅलरीत ८३,८३३ माणसं होती. त्यांतल्या कुणाचं काही मोडलं नव्हतं.

समर्थकांचा खरा उपद्रव रागाचा नसतो, आठवणींचा असतो. पॅरामॅटाकडे बघा. १९८१ मध्ये पहिलं विजेतेपद मिळालं, त्या आनंदात चाहत्यांनी आपल्याच कंबरलँड ओव्हलचा स्टँड जाळून टाकला. प्रतिस्पर्ध्याचा नव्हे, स्वतःचा. मग संघाला बेलमोरला, कँटरबरीच्या मैदानावर भाडेकरू व्हावं लागलं. तिथे राहून त्यांनी १९८२ आणि १९८३ ही दोन्ही विजेतेपदं घेतली. १९८६ मध्ये नवंकोरं स्टेडियम मिळालं, खुद्द राणी एलिझाबेथ उद्घाटनाला, आणि त्या वर्षीही चषक. तेव्हापासून आजपर्यंत कोरडा दुष्काळ. २००१, २००९ आणि २०२२ मध्ये अंतिम सामना हरले. १९८६ नंतरच्या प्रत्येक संघाला गॅलरी १९८६ च्या संघाशी ताडून बघते. एखाद्या बावीस वर्षांच्या पोराने स्वतःच्या जन्माआधीच्या माणसांशी स्पर्धा कशी करायची?

वेस्ट्स टायगर्सनी तर आठवणींनाच कामावर ठेवलं. त्यांचं एकमेव विजेतेपद २००५ चं. २०११ नंतर बाद फेरी नाही. मग्वायर साउथ्सनंतर इथे आला, आणि त्याच्याही काळात संघ वर सरकला नाही, हे मान्यच करायला हवं. जून २०२२ मध्ये त्याची गच्छंती झाली. त्यानंतर २०२३ साठी आणलं कुणाला? टिम शीन्स, २००५ चा कोच. त्याच्यानंतर मुख्य कोच कोण? बेन्जी मार्शल, २००५ चा हिरो. गॅलरीला जुना अल्बमच उघडून दाखवला म्हणायचा. २०२२, २०२३ आणि २०२४, तिन्ही वर्षं टायगर्स तळाला. शेवटच्या संघाला तिथे लाकडी चमचा मिळाला असं म्हणतात. टायगर्सकडे आता आमटी वाढायची सोय झाली.

जुनी नावं अशी परत येतात, कारण गॅलरीचा आवाज पंचाच्या आधी संचालकांच्या कानात शिरतो. पंचाला ८० मिनिटं ऐकावं लागतं. संचालकाला सोमवार ते शुक्रवार, आणि सभासदत्वाच्या नूतनीकरणाच्या वेळी तर रात्रीही. रिकामी खुर्ची हा त्याच्या लेखी गुणतक्त्यापेक्षा मोठा पुरावा. मग तो लोकांना जे हवं ते देतो. एखादं जुनं नाव, किंवा एखाद्याचं डोकं.

वॉरियर्सचं यात वेगळं झालं, हे त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. २०२४ मध्ये तेरावे आल्यावरही त्यांनी वेब्स्टरला ठेवला. २०२५ मध्ये संघ सहावा आला, बाद फेरीचा सामना पुन्हा घरी, मैदान पुन्हा गच्च, आणि पेनरिथने २४-८ ने घरचा रस्ता दाखवला. घरीच होते म्हणा, रस्ता दाखवायची गरज नव्हती. तरी तेराव्यावरून सहावं, तेही डोकं न उडवता. चौदाव्या खेळाडूचं मला आवडलेलं योगदान हेच, की एका वर्षी त्याने कुणाचा बळी मागायचा हट्ट धरला नाही. त्या गप्प बसण्याचा फोटो कुणी काढला नाही.

टायगर्सनी सोडलेला मग्वायर मात्र रिकामा बसला नाही. २०२४ मध्ये ब्रिस्बेनच्या कढईत न्यू साउथ वेल्सला जिंकून देणारा कोच तोच. २०२५ मध्ये तो ब्रिस्बेन ब्रॉन्कोजकडे गेला आणि पहिल्याच हंगामात मेलबर्नला २६-२२ ने हरवून त्यांना १९ वर्षांनी चषक मिळवून दिला. टायगर्सच्या गॅलरीने तो सामना टीव्हीवर पाहिला असेलच. साउथ्सच्या गॅलरीनेही. ४३ वर्षांची तहान भागवणाऱ्या या माणसाला साउथ्सने २०१७ च्या अखेरीस निरोप दिला होता. त्यासाठी टाउन हॉलवर कुणी मोर्चा नेला नाही.